मंदाताईंच्या पिशवीतली केळी

"वैनी, मंग्याला पोलिसांनी नेला! ब्रिजखालनं नेला! गाडी तिथंच पडलीय!"

खालनं कोण ओरडलं ते पण कळलं नाही मला, सगळ्यांचीच तोंडं रंगलेली. धुळवड होती. मी परीच्या कानातला हिरवा रंग ओल्या फडक्याने काढत बसलेली, आणि ते फडकं हातातच राहिलं. परी दोन वर्षांची, ती हसतेय. आणि बघता बघता सगळी गॅलरी बाहेर आली. कुणी विचारलं नाही काय झालं. सगळ्यांना माहीतच होतं. समोरच्या काकी तेवढ्या बोलल्या, "शाळेची गाडी चालवतो ना गं हा? आमचा पिंट्या जातो ना त्याच्या गाडीतनं?" मला वाटलं जमीन फाटावी आणि मी परीला घेऊन आत जावी. मंगेश शाळेची व्हॅन चालवायचा. चाळीतलीच पोरं घेऊन जायचा. त्या पोरांच्या आया रेलिंगला टेकून माझ्याकडे बघतायत आणि माझा नवरा भरदिवसा दारू पिऊन पोलिसांत.

सासूबाई आतनंच ओरडल्या, "मेल्यान तोंड दाखवूक जागा ठेवल्यान नाय!" आणि दार लावून घेतलं. मी दाराच्या बाहेर, परी कडेवर.

जिना कसा उतरली ते आठवत नाही. खाली नळाजवळ पोचली तर एक बाई कापडी पिशवीत केळी भरत उभी. पलीकडच्या चाळीतली, निळे झेंडे लागतात ती चाळ. त्यांना मी ओळखायची ते फक्त त्यांच्या काळ्या कोटामुळे. त्यांच्या गॅलरीत दोरीवर तो कोट वाळत असायचा आणि आमच्या चाळीतल्या आया पोरांना भीती दाखवायच्या, "जेव, नाहीतर कोटवाली येईल." सासूबाई त्यांना वकीलीण म्हणायच्या, ते पण हळू आवाजात. तर ती वकीलीण मला बोलली,

"का नेलंय?"

मी रडत रडत बोलली, "ताई, प्यायलाय."

"प्यायलाय ते कळलं. आज आख्खं लालबाग प्यायलंय. का नेलंय ते विचारलं मी. गाडी चालवत होता? कुणाला उडवलं? कुणाशी मारामारी केली?"

"माहीत नाही."

"मग चल, विचारू. म्हणजे तू विचारायचं, मी बाजूला उभी राहीन."

अशी माझी आणि मंदाताईंची ओळख झाली. ताई गेल्या आता. त्यांच्याबद्दल चाळीत कुणी काय बोलतं, कुणी काय. माझ्याबद्दल तर बोलतातच. म्हणून मी ठरवलं, जशा होत्या तशा सांगायच्या. मी नववीपर्यंत शिकली, जसं येतं तसं सांगते.

रस्ता ओलांडायची त्यांची एक पद्धत होती. सिग्नल बघायच्या नाहीत. हात वर करायच्या, शाळेतल्या बाई वर्ग गप्प करतात तसा, आणि चालायला लागायच्या. बस थांबायची, टॅक्सी थांबायची, टॅक्सीवाला शिव्या द्यायचा. "कोर्टात भल्याभल्यांना थांबवलंय, हा कोण," असं बोलायच्या. त्या दिवशी पण तशाच निघाल्या, मी मागे, ओढणी तोंडावर घेतलेली.

पोलीस स्टेशनात बाकावर ओळीने माणसं बसलेली, जांभळी, हिरवी, गुलाबी, कोण कुठला कळत नव्हतं. हवालदाराचा पण एक कान गुलाबी होता. ताई त्यांना एवढंच बोलल्या, "मी वकील आहे, हिच्यासोबत आलेय. पण बोलेल ती." आणि गप्प.

मला काय बोलायचं माहीतच नव्हतं. आमच्या चाळीत बायका काय बोलतात तेच मी बोलली. आमच्याकडे ही रीतच आहे, नवऱ्याला दारूत नेला की बायको हात जोडते आणि सांगते, साहेब दोन फटके द्या पण सोडा, सुधारेल. माझ्या आईने माझ्या बापासाठी हेच सांगितलेलं. मी हात जोडले, बोलली, "साहेब, रोजचंच आहे त्याचं, तुम्हीच दोन लावा, पण सोडा आज, सण आहे."

ताईंनी माझा दंड एवढा जोरात धरला की बांगडी रुतली. कानात बोलल्या, "मारा म्हणून कुणाला सांगतेस गं? आपल्या हाताने परवानगी देतेस? कुठल्या कायद्यात लिहिलंय की प्यायलेल्याला मारायचं? नीट विचार. का आणलंय. जामीन भेटतो का. डॉक्टरला दाखवलं का. एवढंच. बोल."

मी बोलली. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. हवालदार बोलले, "काय? मोठ्याने बोला ताई, इथं ढोल वाजतायत बाहेर." तेव्हा परी कडेवरनं एकदम ओरडली, "पप्पा!" आणि सगळे हसले, आणि मी त्या हसण्यातच मोठ्याने विचारून टाकलं.

माणूस वाईट नव्हता तो. दमलेला होता. बोलला, "फुंकायला लावलं, मशीनमध्ये आलं. वर हुज्जत घातली. बाईक काढायला गेला आणि बाईकसकट स्वतःच पडला. केस जामिनाची आहे, जामीन देणार ना, नाही कोण म्हणतंय? पण शुद्धीत येऊ दे. झोपलाय बघा तिकडे. सही कशी करणार? डॉक्टरकडे न्यायचंच आहे, सगळ्यांना एकदम नेऊ. उतरू दे जरा."

मला पण तेच वाटलं. उतरू दे. मी हे किती वेळा केलंय, घरी पण असाच पडायचा, मी उशी द्यायची आणि दिवा बंद करायची. मी बोलली, "चला ताई, संध्याकाळी येऊ." मला तिथनं निघायचं होतं फक्त. तेवढ्यात दारातनं मंडळाची दोन पोरं आत बघून गेली, ती आता चाळीत जाऊन सांगणार.

"भेटून घे आधी," ताई बोलल्या.

मंगेश कोपऱ्यात भिंतीला टेकून पडलेला. मी समोर गेली आणि त्याच्या पायाकडे बघत उभी राहिली. एका पायात चप्पल नव्हती. मी तेवढंच बघत होती, कुठे गेली असेल चप्पल.

"पायाकडे काय बघतेस? तोंडाकडे बघ."

"लाज वाटते ताई."

"वाटू दे ना. लाज वेगळी, हक्क वेगळा. दोन्ही एका पिशवीत भरलीस तर पिशवी फाटते. नवरा आहे तुझा, तू नाही बघायचं तर कोण बघणार? मला काय माहीत तो रोज कसा दिसतो?"

मी बघितलं. तोंड हिरवं, मानेवर जांभळं, ते मीच सकाळी लावलेलं. आणि कानामागनं केसांत लाल. कॉलरपर्यंत लाल. आजूबाजूला सगळेच रंगलेले, कुणाला काय दिसणार. पण आमच्याकडे लाल आणलाच नव्हता. परीला लाल रंगाने अंगावर गांधी उठतात, गेल्या वर्षी रात्रभर रडलेली, म्हणून मी मंडळाच्या पोरांना पण सांगून ठेवलेलं, आमच्या जिन्यात लाल नको. आणि पोरांनी ऐकलेलं.

"ताई, आम्ही लाल नाही आणला."

आणि मग मीच ओरडली, "साहेब! साहेब, हा रंग नाहीये! रक्त आहे! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या याला!" आयुष्यात मी कुणावर अशी ओरडली नव्हती, पोलिसावर तर सोडाच. हवालदार आले, केसांत बोट घातलं, बोट बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. "जीप काढ रे!" असे ओरडले की बाकावरचे दोघे झोपेतनं उठले.

डॉक्टरांनी मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साचायला लागलेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलले, "झोपू दिलं असतंत तर उठला नसता." मी खाली बसली तिथेच, फरशीवर. ताईंनी पिशवीतनं केळं काढलं, सोललं, माझ्या हातात दिलं. "खा. रिकाम्या पोटी माणूस काहीही कबूल करतो."

हे त्यांचं वाक्य. सगळ्यांना ऐकवायच्या. भायखळ्याच्या मार्केटातनं केळी आणायच्या आणि ती घरात कमी आणि पोलीस स्टेशनात जास्त खाल्ली जायची. आत बसलेल्या माणसाला, त्याच्या बायकोला, एकदा तर हवालदारालाच दिलं, बोलल्या, "खा रे बाबा, उपाशी पोलीस मला चालत नाही, चिडतो." 

केळीच का, ते मी खूप नंतर विचारलं. त्यांचे वडील मिलमध्ये होते. कधी थेंब नाही प्यायले. साखरेचा आजार होता. एकदा रस्त्यात साखर उतरली, झोकांड्या जायला लागल्या, बोबडं बोलायला लागले, आणि बेवडा म्हणून चौकीत नेऊन बसवलं. ताई लहान होत्या, त्यांची आई त्यांना घेऊन गेलेली आणि चौकीबाहेरच उभी राहिली, लाजेने आत गेलीच नाही. शेवटी आत कुणीतरी गोड चहा पाजला म्हणून वाचले. "पण चाळीने नाव ठेवलं ते ठेवलंच," ताई बोलल्या, "मरेपर्यंत माझ्या बापाला बेवडा म्हणायचे. एक केळं आईने आत जाऊन दिलं असतं ना दिपे, एकच." मग टीव्ही लावला आणि मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायला लागल्या. असंच करायच्या त्या, रडू आलं की मालिका.

मंगेश जामिनावर सुटला म्हणून मी पेढे घेऊन गेली त्यांच्याकडे, तर मलाच झापलं. कारण त्याच्या आधी मंडळातला एक भाऊ मला सांगून गेलेला, कोर्टात सांगू की गाडी दुसराच कुणी चालवत होता, आपला एक पोरगा उभा राहील. मी ते खुशीत ताईंना सांगितलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मंगेशच."

"मग?"

"नाही म्हणजे भाऊ बोलले..."

"भाऊला बोल, स्वतः उभा राहा. ए बाई, मी तुला हक्क शिकवला, पळायला नाही शिकवलं. पोरं घेऊन जातो तो गाडीत. ती पोरं काय भाजी आहेत? प्यायलाय, चालवलीय, कोर्टात सांगेल हो म्हणून, आणि लायसन गेलं तर गेलं. त्याचं डोकं वाचवलं मी, लायसन नाही."

लायसन गेलं. व्हॅन पण गेली. मंगेश करी रोडला एका टॉवरमध्ये वॉचमन लागला, आणि त्या टॉवरमध्ये तो गाडी चालवायचा त्याच शाळेतली एक मुलगी राहते, तिच्यासाठी गेट उघडतो. दारू सुटली असं मी नाही सांगणार. कमी झाली. गाडीला हात नाही लावत.

मग मला चाळीतल्या बायका विचारायला लागल्या, हळूच, नळावर. "अगं ती काय शिकवते?" आणि दुपारच्या आम्ही चारपाचजणी त्यांच्याकडे जायला लागलो, मालिका बघायला जातो असं सांगून. तांदूळ निवडायला घ्यायचे मांडीवर. ताई केसांना काळं लावून बसायच्या, प्लास्टिकची पिशवी डोक्याला, आणि आमची तालीम घ्यायच्या.

"चल गं, मी हवालदार. बोल."

"साहेब, ह्यांना का आणलंय?"

"तुला काय करायचंय, जा घरी!"

"मी बायको आहे. कारण सांगायला लागतं तुम्हाला. घरच्यांना कळवायला लागतं."

"वा! आणि कागद पुढे केला, सही कर म्हणून?"

"वाचल्याशिवाय नाही. कोऱ्यावर तर नाहीच."

"आणि वाचता येत नसेल तर?"

"मोठ्याने वाचून दाखवा बोलायचं."

"उद्यापर्यंत सोडलं नाही तर?"

"कोर्टापुढे उभं करायला लागतं. ठेवून नाही घ्यायचं. आणि वकिलाला पैसे नसले तर कोर्टच देतं, मागायला लाजायचं नाही."

"आणि तुलाच न्यायला आले तर, अंधार पडल्यावर?"

"सूर्य मावळल्यावर बाईला नाही न्यायचं. अगदीच न्यायचं तर बाई पोलीस पाहिजे, वर कोर्टाची परवानगी पाहिजे. पण ताई, मी कुठे पिते?"

"आज नाही पीत. नवरा बघून उद्या पिशील."

हसून हसून तांदूळ सांडायचे. परी घरी बाहुलीला उलटी टांगून विचारायची, "का आणलंय? डॉक्टल दाकवलं का?" सासूबाई कपाळावर हात मारायच्या. पण मंगेश घरी आल्यापासून त्यांच्यात पण फरक पडला. लग्न होऊन आल्यापासून मला बजावलेलं, पलीकडच्या चाळीत पाणी प्यायचं नाही. का, ते बोलायच्या नाहीत, पण मला कळायचं, आणि मी पण गप ऐकायची, त्याची लाज वेगळीच आहे. त्याच सासूबाईंनी एक दिवस घावणे केले, डब्यात भरले आणि स्वतः घेऊन गेल्या. तिथे ताईंनी चहा टाकला. ताईंचा चहा म्हणजे गटाराचं पाणी, त्यांना काहीच करता यायचं नाही. सासूबाई आख्खा प्यायल्या. घरी येऊन बोलल्या, "वकीलीण बरी आसा, पण च्या करूक येना नाय." एवढंच.

आता पुढचं सांगायलाच पाहिजे.

ताई कोर्टातनं परत येत होत्या. दुपार होती. ब्रिजच्या तोंडाशी हात वर केला आणि चालायला लागल्या. बस थांबली. बसच्या बाजूने एक गाडी आली ती थांबली नाही. मागच्या गल्लीतला ओंकार होता तो, कुंदाबाईंचा मुलगा. मित्राची हळद होती, रात्रभर प्यायलेला, तसाच दुपारी गाडी घेऊन निघाला. लोकांनी त्याला तिथेच धरला, खूप मारला, मग पोलिसांनी नेला. पिशवीतली केळी रस्ताभर झालेली, ती कुणी उचलली नाहीत, बस त्यावरनंच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई हॉस्पिटलमध्येच वारल्या. त्यांची भाची प्रज्ञा, त्यांच्याकडेच राहायची, तिला मी धरून बसलेली. मग ताईंना आणायला लोक गेले, आणि मी परीला भरवायला म्हणून घरी आली, तर दारात कुंदाबाई.

केस सुटलेले. एका पायात चप्पल होती, एकात नव्हती. मी परत तिच्या पायाकडेच बघत उभी.

"दिपाली, माझ्यासोबत कुणी येत नाही गं. त्याला कसा ठेवलाय सांगत नाहीत. लोकांनी डोक्यावर मारलंय त्याच्या. तुला येतं ना ते बोलायला? ताई शिकवायच्या ना तुम्हाला?"

ताईंचं नाव तिच्या तोंडून ऐकलं आणि मला वाटलं हिच्या थोबाडीत द्यावी. मी बोलली, "कुंदाबाई, आत्ता येतायत त्यांना घेऊन. तुम्ही जा इथनं." सगळी गॅलरी बघत होती. समोरच्या काकी बोलल्या, "लाज नाही वाटत आज यायला?" कुंदाबाई बोलली, "वाटते." आणि उभीच राहिली.

मी आत वळली. सासूबाई देवाजवळ बसलेल्या. देवापुढे दोन केळी होती. त्यांनी ती उचलली, माझ्या हातात ठेवली, माझ्याकडे न बघता बोलल्या, "चेडवाक हय ठेव. तू जा."

परीला त्यांच्याकडे देऊन मी गेली. रस्त्यात मी कुंदाबाईच्या दोन पावलं पुढेच चालली. पोलीस स्टेशनात तिने हात जोडले आणि सुरू केलं, "साहेब, तुम्हीच मारा त्याला..." आणि माझा हात आपोआप तिच्या दंडावर गेला. मी बोलली, "असं नाही. विचारा. का आणलंय. जामीन भेटतो का. डॉक्टरला दाखवलं का. तोंड तुमचं, मी बाजूला उभी आहे." तिने विचारलं. जामीन आता इथे नाही, कोर्टात, असं बोलले. काल दाखवलंय डॉक्टरला, ठीक आहे, बोलले. मग तिला आत भेटायला सोडलं आणि मला पण. 

मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं बघायचं. पण बघितलं. गालावर हळद अजून तशीच, पिवळी. एक डोळा सुजून बंद. आणि आईशी बोलायला गेला तर तोंडातनं शब्द वाकडे येत होते. कुंदाबाई बोलली, अजून उतरली नाही वाटतं मेल्याची. आख्खी रात्र गेलेली मध्ये. अजून कशी उतरली नाही?

मला माहीत होतं. त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. एक क्षण मी गप्प राहिली असती तर कुणाला काहीच कळलं नसतं. आणि मग मी ओरडली, "साहेब, याला परत न्या डॉक्टरकडे. कालचं सोडा, आत्ता न्या."

नेला त्याला. वाचला. केस चालू आहे, आत आहे, आणि आत राहावा असंच मला वाटतं, खोटं कशाला बोलू.

मी परत आली तेव्हा पलीकडच्या चाळीपुढे फुलं पडलेली फक्त. ताईंना नेलेलं. मला शेवटचं बघायला नाही भेटलं. वर गेली तर प्रज्ञा दारात बसलेली, तिला कुणीतरी सांगितलेलं मी कुठे गेलेली ते. तिने माझ्या हाताकडे बघितलं, माझ्या हातात एक केळं उरलेलं, दुसरं मी कुंदाबाईला दिलेलं. ती उठली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. नळावर मी आली की बादली उचलून जाते. दुपारच्या त्या बायका पण मला टाळतात आता.

ताई असत्या तर काय बोलल्या असत्या, ते मला माहीत आहे. पण ताई नाहीत, आणि ताई का नाहीत ते पण मला माहीत आहे. रात्री परीच्या अंगावर चादर घालते आणि तो वाकडा शब्द ऐकू येतो. मी गप्प राहायला पाहिजे होतं का? कुंदाबाईला दारातनंच हाकलायला पाहिजे होतं का? प्रज्ञाला जवळ घेऊन तिथेच बसायला पाहिजे होतं का? तुम्ही मला ओळखत नाही, ताईंना ओळखत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. तुमच्या हातात ती दोन केळी ठेवली असती, तर तुम्ही काय केलं असतंत?